करार संपला, भाडेकरू हलेना: छोट्या घरमालकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत दहा-दहा फ्लॅटवाला एकही नाही, सगळे एक नाहीतर फार तर दोन घरं भाड्याने देणारे. कुणी रिटायरमेंटच्या पैशातून घेतलेला फ्लॅट, कुणाचं आईवडिलांमागे रिकामं पडलेलं घर, कुणाचा एखादा गाळा. त्या भाड्यावर औषधं, हप्ते, मुलांच्या फिया चालतात, त्यामुळे दोन महिने भाडं आलं नाही की झोप उडते हे समजू शकतं. प्रश्न बरेच सारखे होते म्हणून काही एकत्र केलेत, आणि उत्तरं सगळी महाराष्ट्रातल्या कायद्याप्रमाणे आहेत, बाहेरच्या राज्यातल्या नातेवाइकाला तीच ऐकवू नका.

प्रश्न: डोंबिवलीत आमचा वन बीएचके आहे. ११ महिन्यांचा रजिस्टर्ड लिव्ह-लायसन्स करार (ठराविक मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी) संपून चार महिने झाले पण भाडेकरू हलायला तयार नाही, म्हणतो मुलीचं शाळेचं वर्ष संपू दे, एप्रिलअखेर जातो. भाडं कधी देतो कधी नाही. आमच्या मुलाचं लग्न ठरलंय, घर आम्हालाच हवंय. शेजारी सांगतात तो गावाला गेला की कुलूप बदला, नाहीतर पाणी तोडा, आपोआप जाईल. पोलीस म्हणाले सिव्हिल मॅटर आहे. काय करावं?

कुलूप बदलायचं आधी डोक्यातून काढून टाका. शेजाऱ्यांचं काय जातं, केस तुमच्यावर होणार. ताब्यात असलेल्या माणसाला कायद्याचा मार्ग सोडून बाहेर काढलं तर तो सहा महिन्यांच्या आत स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम ६ खाली दावा ठोकू शकतो आणि त्या दाव्यात घर कुणाच्या नावावर आहे हे कोर्ट बघतच नाही, ताबा कुणाकडे होता आणि कसा काढला एवढंच बघतं. म्हणजे स्वतःच्याच घरासाठी तुम्ही आरोपीसारखे उभे. पाणी-वीज तोडण्याचंही तेच, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्ये सबळ कारणाशिवाय भाडेकरूच्या अत्यावश्यक सोयी बंद करायला मनाई आहे. आज तुमची बाजू भक्कम आहे, ती या असल्या उद्योगात घालवू नका.

भक्कम का म्हणतोय ते सांगतो. १९९९ च्या याच कायद्यात कलम २४ आहे, आणि ते खास तुमच्यासारख्यांसाठीच आहे. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपल्यावर परत करायलाच हवी, नाही केली तर मालकाने नेहमीच्या दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं खेटे न घालता थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे वकील लोक ज्याला काँपिटंट अथॉरिटी म्हणतात त्याच्याकडे, अर्ज करायचा. तिथे बघायचा मुद्दा मुख्यतः एकच असतो, मुदत संपली का. लेखी करारात जे लिहिलंय तो तिथे निर्णायक पुरावा धरला जातो, त्यामुळे "तोंडी ठरलं होतं की दोन वर्षं राहू द्यायचं" हे तिथे चालत नाही. समन्स मिळाल्यावर भाडेकरूला ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बचाव करायची परवानगी मागावी लागते, नाही मागितली तर तुमचं म्हणणं त्याने मान्य केलं असं धरतात. आदेशावर अपील नाही, फक्त रिव्हिजन, म्हणजे आदेश तपासून बघण्याचा अर्ज, तोही ९० दिवसांत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुदत संपल्यापासून प्राधिकाऱ्याकरवी ताबा मिळेपर्यंत करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते असं त्याच कलमात लिहिलंय. बऱ्याच भाडेकरूंना हे माहीतच नसतं. वकिलाच्या नोटिशीत हे एक वाक्य नीट लिहून गेलं की निम्म्या केसेस तिथेच मिटतात असा माझा अनुभव आहे. तेव्हा आधी नोटीस पाठवा, स्पीड पोस्टने आणि सोबत ईमेल-व्हॉट्सअ‍ॅपवरही, आणि पोचपावती जपून ठेवा. करार, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), घराच्या मालकीचे कागद, बँकेच्या नोंदी एका फाईलमध्ये लावून घ्या.

आता मधल्या काळात तो भाडं टाकतोय त्याचं काय. पैसे नाकारायची गरज नाही, पण गप्प बसून घेऊही नका. प्रत्येक वेळी लेखी कळवा की करार संपलाय, ही रक्कम आम्ही नुकसानभरपाईपोटी आणि आमचे हक्क राखून घेत आहोत. नाहीतर उद्या तो म्हणेल मालकाने करार पुढे चालू ठेवला, हे बघा दर महिन्याला भाडं घेतलंय.

राहिला मुलीच्या शाळेचा मुद्दा. तो खरंही बोलत असेल. लग्न उन्हाळ्यानंतर असेल आणि तुम्हाला एप्रिलपर्यंत थांबणं जमत असेल तर थांबा, पण "बरं राहा" असं दारात उभं राहून सांगू नका. ३० एप्रिलपर्यंतचा नवा छोटा करार करा, रजिस्टर करा, थकलेलं भाडं आधी वसूल करा आणि मधल्या चार महिन्यांच्या दुप्पट रकमेवर पाणी सोडताय की नाही तेही कागदावर येऊ द्या. या कराराला तो तयार झाला तर तो एप्रिलमध्ये जाणारा माणूस आहे. सही करायला टाळाटाळ केली तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं, दुसऱ्या दिवशी अर्ज.

प्रश्न: ब्रोकरने स्टॅम्प पेपरवर करार करून नोटरी करून दिला, म्हणाला ११ महिन्यांच्या आत असेल तर रजिस्टर करावा लागत नाही. आता भाडेकरू म्हणतो भाडं १८ हजार नाही १४ हजारच ठरलं होतं, वरचे ४ हजार फर्निचरचे, आणि फर्निचर खराब आहे म्हणून तो ते देणार नाही. (पुणे)

ब्रोकरने तुम्हाला दुसऱ्या राज्यातला कायदा सांगितला. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करावाच लागतो हा जुना केंद्रीय कायदा, त्यातून ११ महिन्यांची युक्ती देशभर पसरली. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह-लायसन्सचा करार लेखी आणि रजिस्टर्डच हवा, मग तो तीन महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे, भाडेकरूची नाही, ब्रोकरची तर नाहीच. केला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जेलमध्ये गेलेला मालक मी तरी पाहिला नाहीये, पण खरा फटका वेगळाच बसतो. करार रजिस्टर नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरायचं, उलट सिद्ध करायचं काम तुमचं. तुमच्या केसमध्ये नेमकं तेच होतंय.

सुटका आहे का, तर आहे. सुरुवातीपासून १८ हजार बँकेत जमा होत असतील आणि कुठे मेसेजमध्ये "या महिन्याचं भाडं पाठवलं" असं असेल तर तो उलट पुरावा झाला. ते सगळं आजच्या आज सेव्ह करा, फोन बदलला की जातं. जुना कागद आता रजिस्टर करत बसू नका कारण सह्या झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला द्यायचा असतो, पुढे दंड भरून आणखी चार महिने मिळू शकतात पण त्यापेक्षा नवा करार करणं सोपं. त्यात फर्निचरची यादी वेगळी आणि भाडं एकच आकडा.

खर्चाची भीती घालतात ब्रोकर लोक, म्हणून हिशोबच देतो. ६० महिन्यांपर्यंतच्या लिव्ह-लायसन्सवर स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के, ती पूर्ण मुदतीच्या भाड्यावर अधिक परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून. समजा भाडं २० हजार, मुदत २४ महिने, डिपॉझिट १ लाख. भाडं झालं ४ लाख ८० हजार, डिपॉझिटचं दोन वर्षांचं व्याज २० हजार, एकूण ५ लाख, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे १,२५० रुपये. शहरी भागात नोंदणी फी १ हजार, ग्रामीण भागात ५००. वर एजंटची फी. आधारच्या अंगठ्यावर घरबसल्या ऑनलाइन नोंदणी होते, ऑफिसला जावंही लागत नाही. दोन वर्षांच्या निवांतपणासाठी एवढा खर्च काहीच नाही, आणि दर ११ महिन्यांनी तेच ते करण्यापेक्षा सरळ २४ किंवा ३६ महिन्यांचा करार करा, त्यातच दरवर्षीची वाढ लिहा, लॉक-इन, म्हणजे ज्या काळात मध्येच करार सोडता येत नाही तो, सहा महिने किंवा वर्ष ठेवा.

प्रश्न: सांगलीला आईच्या नावावरच्या घरात एक कुटुंब १० वर्षांपासून राहतंय. कागद काही नाही, भाडं रोख देतात, माणसं चांगली आहेत. पण भाऊ म्हणतो १२ वर्षं झाली की घर त्यांचं होतं. खरंय का?

नाही. ही भीती इतकी पसरलीये की लोक चांगल्या भाडेकरूलाही अकराव्या वर्षी हाकलतात. १२ वर्षांची गोष्ट आहे ती अशा माणसाची जो मालकाच्या परवानगीशिवाय, मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे जागा बळकावून बसतो. भाडेकरू तुमच्या परवानगीने राहतोय आणि भाडं देतोय म्हणजे दर महिन्याला तुम्हाला मालक मानतोय, राहून राहून त्याची मालकी तयार होत नाही, १२ काय ३० वर्षं झाली तरी.

पण भावाची काळजी अगदीच वाऱ्यावर सोडू नका, धोका दुसरीकडे आहे. कागद नसल्यामुळे उद्या ते म्हणतील आम्ही लायसन्सी (नुसत्या परवानगीवर राहणारे) नाही, कायद्याने भाडेकरू आहोत, आणि भाडे नियंत्रण कायदा जिथे लागू आहे तिथे भाडेकरूला मोठं संरक्षण आहे. त्याला काढायला कायद्यात दिलेलं कारण लागतं: घराची स्वतःला खरोखर गरज, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं, जागेचं नुकसान, परवानगी न घेता पक्कं बांधकाम वगैरे. भाडं थकलं तरी लेखी मागणीची नोटीस देऊन ९० दिवस थांबावं लागतं, त्यात त्याने भरलं तर तो मुद्दा गेला. भाडं वर्षाला ४ टक्केच वाढवता येतं. आणि मूळ भाडेकरू वारला तर सोबत राहणारे घरचे भाडेकरू म्हणून पुढे चालू राहू शकतात. लिव्ह-लायसन्समध्ये यातलं काही नाही, मुदत संपली की विषय संपला. फरक एवढा मोठा आहे.

नुसतं वर "लिव्ह अँड लायसन्स" असं टायटल टाकून भागत नाही हेही लक्षात घ्या, कोर्ट कागदाचं नाव न बघता आतला व्यवहार बघतं, हे सुप्रीम कोर्टाने १९५९ च्या एका निकालातच सांगून ठेवलंय. म्हणून करारात राहण्याची फक्त परवानगी दिली आहे, जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही, कायदेशीर ताबा मालकाचाच, असं नीट यायला हवं.

तुम्ही आता काय करायचं: संबंध चांगले आहेत तोवरच बोला. आई हयात आहे तर तिच्या सहीने, तिला झेपत नसेल तर तिच्या पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर, पुढच्या तारखेपासून रजिस्टर्ड करार करा आणि भाडं बँकेतून घ्यायला लागा. ते म्हणतील इतकी वर्षं कागद नव्हता आता कशाला, तर सांगा आईचं वय झालंय, पुढे आम्हा भावंडांत घोळ नको. ते खोटंही नाही.

प्रश्न: भाडेकरू सोडून जातोय. भिंतीला खिळ्यांची भोकं, बाथरूमचा नळ गळतोय, किचनची चिमणी काळीकुट्ट. ६० हजार डिपॉझिट आहे. किती कापू? आणि तो म्हणतो शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधूनच वळतं करा.

आधी दुसऱ्याचं उत्तर, कारण खरी चूक तिथे होते. डिपॉझिट भाड्यात वळतं करू नका. भाडं तो दर महिन्याला देईल, डिपॉझिट तुम्ही चावी हातात आल्यावर द्याल, हा क्रम मोडला की शेवटी नुकसान आणि लाइटबिल कशातून घेणार? आणि तुम्हीही तेवढ्याच तत्परतेने द्या, चावी घेताना समोरासमोर ट्रान्सफर करा. पुढच्या भाडेकरूकडून डिपॉझिट आलं की देतो हे उत्तर मालक लोक सर्रास देतात आणि मग भाडेकरू चावी देत नाही, दोघं एकमेकांकडे बघत बसतात आणि घर रिकामं पडून राहतं, ज्याचं नुकसान शेवटी मालकाचंच.

आता किती कापायचं. वापराने होणारी झीज ही मालकाच्या खात्यात जाते, रंग फिका पडणं, चारदोन खिळे, टाइल्सची चमक जाणं यासाठी पैसे मागू नयेत. तुटफूट, फुटलेलं बेसिन, करपलेला ओटा, न विचारता पाडलेलं भोक हे भाडेकरूच्या खात्यात. गळका नळ मला तरी तुमच्या बाजूचा वाटतो, तो त्याने वेळेवर सांगितला होता का एवढं बघा. चिमणी साफ करून घ्यायचा खर्च मागा, नव्या चिमणीचे पैसे मागू नका. रंगाचे पैसे जाताना कापायचे हे काही करारांत आधीच लिहिलेलं असतं, तुमच्या करारात असेल तर ते ठरल्याप्रमाणे, नसेल तर आता नव्याने सुचवू नका. जे कापाल त्याचं बिल द्या. अंदाजे १० हजार कापले असं सांगितलं की भांडण ठरलेलं.

पुढच्या वेळी घर देताना रिकाम्या घराचा सगळ्या खोल्यांतून फिरत, नळ-फॅन-लाइट चालू करत व्हिडिओ काढा आणि भाडेकरूला त्याच दिवशी पाठवून ठेवा. सामानाची यादी करारालाच जोडा. लाइटचं, गॅसचं मीटर रीडिंग दोन्ही वेळेला फोटोसकट.

काहींनी विचारलंय की डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही असा नवीन कायदा आलाय म्हणे. व्हॉट्सअ‍ॅपवर हे दर थोड्या दिवसांनी फिरतं. केंद्र सरकारच्या मंत्रिमंडळाने २ जून २०२१ ला मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्टचा मसुदा मंजूर केला, त्यात घरासाठी दोन महिने आणि इतर जागांसाठी सहा महिने अशी मर्यादा आहे, पण तो नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. महाराष्ट्रात लिव्ह-लायसन्समध्ये डिपॉझिट दोघांच्या मर्जीने ठरतं.

प्रश्न: आमची सोसायटी म्हणते बॅचलर्सना द्यायचं नाही, आणि भाड्याने दिलं तर डबल मेंटेनन्स. कमिटीची परवानगी घेतल्याशिवाय गेटवर सामान अडवतात. (ठाणे)

डबल मेंटेनन्स चालत नाही. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाप्रमाणे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ती रक्कम, सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. सर्व्हिस चार्जेसच्या, पूर्ण मेंटेनन्स बिलाच्या नाही, म्हणजे पालिकेचा टॅक्स, पाणी, सिंकिंग फंड हे बाजूला काढून. बिल हातात घेऊन हिशोब करा, १० टक्के बहुतेक वेळा फार छोटी रक्कम निघते. सोसायटीला करार आणि भाडेकरूची माहिती आधी द्यायची हे मात्र तुमचं काम, ते लेखी द्या आणि कॉपीवर शिक्का घ्या.

बॅचलर्सबद्दल, सरसकट बंदीचा ठराव हा उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, बसत नाही. कमिटीला लेखी विचारा की कुठल्या उपविधीखाली अडवताय, उत्तर लेखीच मागा. बहुतेक कमिट्या इथेच गार होतात. नाही झाल्या तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार. पण खरं सांगू का, त्रास नियमापेक्षा रात्री दोनच्या पार्टीचा असतो, तेव्हा करारात गोंगाट आणि तक्रारींबद्दल एक अट टाका आणि त्या अटीची कॉपी स्वतःहून सेक्रेटरीला द्या. निम्मा विरोध मावळतो.

प्रश्न: ज्याच्याशी करार केला तो निघून गेला आणि आता त्याचा चुलतभाऊ आणि आणखी दोघं राहतायत. ते म्हणतात आम्ही भाडं देतोय ना!

भाडं देतायत हे खरं, पण कुणाच्या नावाने? तुम्ही ते घेत राहिलात तर उद्या ते स्वतःला तुमचे भाडेकरू म्हणवतील. लायसन्स ही एका माणसाला दिलेली परवानगी असते, ती त्याला दुसऱ्याकडे ढकलता येत नाही. कलम २४ मध्येच लिहिलंय की करारात ज्याचं नाव लायसन्सी म्हणून नाही त्याचा कसलाही दावा सक्षम प्राधिकारी ऐकणार नाही. तेव्हा मूळ माणसाला करारभंगाची नोटीस काढा आणि करारातल्या अटीप्रमाणे तो संपवा. नव्या लोकांना ठेवायचंच असेल तर जुन्याकडून जागा सोडल्याचं लिहून घ्या, मग त्यांच्याशी नवा करार, नव्याने कागदपत्रं.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं याच्यासाठीच असतं. पोलीस आयुक्तालयं तसे आदेश काढत असतात, न पाळल्यास गुन्हा दाखल होतो आणि तो घरमालकावर होतो. मुंबई-पुण्यात ऑनलाइन भरता येतं, दहा मिनिटांचं काम. लक्षात ठेवा, ही फक्त माहिती देणं आहे, पोलिसांची परवानगी लागत नाही, त्यामुळे "एनओसी काढून देतो" म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. करारात राहणाऱ्या सगळ्यांची नावं घाला, फक्त सही करणाऱ्याचं नको.

प्रश्न: दुकानाचा गाळा लिव्ह-लायसन्सवर दिलाय, मुदत संपली तर कलम २४ चा झटपट मार्ग मिळेल का? (नाशिक)

नाही. ते कलम राहण्यासाठी दिलेल्या जागेपुरतं आहे. गाळ्यासाठी लघुवाद न्यायालय, ते नसेल तिथे दिवाणी न्यायालय, आणि तिथे वेळ लागतो. म्हणून गाळ्याला डिपॉझिट जास्त घ्या, मुदत संपल्यावर दर दिवसाला किती भरपाई ते करारात आकड्यात लिहा, आणि दुकानाचा परवाना काढायला संमतीपत्र देताना त्यात कराराची शेवटची तारीख घालायला विसरू नका.

प्रश्न: मी आणि मिसेस दोघांच्या नावावर फ्लॅट आहे, महिन्याला २० हजार भाडं. इन्कम टॅक्स पूर्ण २ लाख ४० हजारांवर लागतो का? भाडेकरू टीडीएस कापतो म्हणतोय.

पूर्ण रकमेवर नाही. तुम्ही स्वतः त्या वर्षी भरलेला पालिकेचा मालमत्ता कर आधी वजा होतो, उरलेल्याच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, त्याला बिलं दाखवावी लागत नाहीत. समजा मालमत्ता कर १० हजार, तर २ लाख ३० हजारांतून ६९ हजार गेले, उरले १ लाख ६१ हजार, ते दोघांत मालकीच्या हिश्श्याप्रमाणे. मेंटेनन्स मात्र वेगळा वजा होत नाही. परत करायचं डिपॉझिट हे उत्पन्न धरत नाहीत. टीडीएसचं म्हणाल तर नोकरदार किंवा साध्या कुटुंबाने घर घेतलं असेल तर महिन्याला ५० हजारांच्या वर भाडं असेल तरच कापायचा, ऑक्टोबर २०२४ पासून त्याचा दर २ टक्के आहे. २० हजारावर तुमचा भाडेकरू कशाला कापतोय? कंपनीने फ्लॅट घेतला असेल तर नियम वेगळे, त्याला आधी ते विचारा.

प्रश्न: सहा वर्षं एकच भाडेकरू, एक दिवस उशीर नाही. आजूबाजूला भाडी बरीच वाढलीयेत, आमचं मागे राहिलंय. मुलगा म्हणतो बाजारभाव माग नाहीतर दुसरा बघू.

मुलाला हिशोब मांडून दाखवा. घर एक महिना रिकामं राहिलं की वर्षाच्या भाड्यातले ८.३ टक्के गेले. त्यात ब्रोकरेज, रंग, किरकोळ दुरुस्ती आणि नवा माणूस कसा निघेल याचा घोर. म्हणजे बाजारभावापेक्षा ८-१० टक्के कमी देणारा पण वेळेवर देणारा भाडेकरू पहिल्या वर्षी तरी तुम्हाला महाग पडत नाहीये. फरक २५ टक्क्यांचा असेल तर मात्र मुलाचं बरोबर आहे, एवढं सोडून द्यायचं काही कारण नाही.

पण एकदम उडी मारू नका. लिव्ह-लायसन्समध्ये वाढीला कायद्याची मर्यादा नाही, ते ४ टक्के भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेल्या भाडेकरूंसाठी, तरीही चालू मुदतीत मध्येच वाढ मागता येत नाही, करारात जी लिहिलीये तेवढीच. मुदत संपायच्या दोन महिने आधी बोला, बाजारातले चार भाव त्याच्यासमोर ठेवा आणि तीन वर्षांचा करार द्या ज्यात पहिल्या वर्षी अर्धा फरक भरून निघेल आणि पुढे दरवर्षी ठरलेले टक्के. बरेच भाडेकरू याला हो म्हणतात कारण शिफ्टिंगचा खर्च आणि नवं डिपॉझिट त्यांनाही नको असतं. तो नाहीच म्हणाला तर दोन महिने हातात आहेत, नवा माणूस बघायला तेवढे पुरतात.